पाकटाच्या मळसूत्री आतड्यातले पट्टकृमी : प्रकल्प नोंदी

काम एवढेच: रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात उतरणाऱ्या लहान पाकटांमध्ये कोणकोणते परजीवी आहेत ते पाहायचे, पट्टकृमी (टेपवर्म, आतड्यात राहणारे चपटे, फितीसारखे किडे) ओळखण्याजोग्या स्थितीत जपायचे आणि प्रत्येक किड्यामागे त्याचा यजमान मासा पुराव्यासकट ठेवायचा. खरे स्केट, म्हणजे नांगी नसलेले, चामडी कोशात अंडी घालणारे राजिडी कुळातले मासे, इथल्या उथळ पाण्यातल्या जाळ्यांत सहसा येत नाहीत. येतात ते त्यांचे पिल्ले देणारे, नांगीवाले भाऊबंद. त्यामुळे काम पाकटांवर आणि तुलना स्केटशी, असे ठरवले आहे.

२२ सप्टेंबर

मासेमारीबंदी ३१ जुलैला उठली, तरी समुद्र आत्ता कुठे शांत होतो आहे. आज नौका ठरवल्या. पाच-सहा दिवस समुद्रात राहणाऱ्या ट्रॉलरवर पाकट पुष्कळ मिळतात, पण या कामाला ते निरुपयोगी. बर्फातला मासा दोन दिवसांनी खायला चालतो. त्याच्या आतड्यातला पट्टकृमी तोवर विरघळायला लागलेला असतो. आधी शीर्षावरचे आकडे (अस्तराला पकडणारे हुक) गळतात, मग शीर्षाच्या कडा जातात, आणि ओळख तर सगळी शीर्षावरच असते. म्हणून पहाटे जाऊन दुपारी परतणाऱ्या लहान नौकाच घ्यायच्या.

तांडेलांना सांगून ठेवले: पाकट वेगळ्या टोपलीत, वर ओले गोणपाट, गोडे पाणी मारायचे नाही. आणि शेपटी तोडायची नाही. ही शेवटची गोष्ट पाळली जाणे अवघड, कारण नांगीच्या भीतीने खलाशी पाकट जाळ्यातून काढताच कोयत्याने शेपूट उडवतात. त्यात त्यांची चूक नाही. नांगी लागली की हात महिनाभर कामाचा राहत नाही. तडजोड अशी, की शेपूट तोडलीच तर ती टाकायची नाही, त्याच माशाला सुतळीने बांधायची. शेपटीची लांबी आणि खालचा कातडीचा पडदा हे दोन्ही ओळखीला लागतात.

संरक्षित यादीतल्या माशांना हात लावायचा नाही. करवती मासा आणि रिंकोबॅटस जिडेन्सिस हे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. टोपलीत दिसले तर फोटोसुद्धा टोपलीवाल्याला विचारूनच.

२९ सप्टेंबर

आधी मासा, मग किडा. हा क्रम सोडला की पुढचे सगळे फुकट.

प्रत्येक माशासाठी: पाठीचा फोटो, पोटाचा फोटो, तोंड आणि नाकपुड्यांचा जवळून फोटो, शेजारी पट्टी आणि क्रमांक. चकतीची, म्हणजे पाकटाच्या चपट्या अंगाची, रुंदी मिलिमीटरमध्ये. नर असेल तर आलिंगक (नराचे समागमाचे अवयव) कडक की मऊ, म्हणजे वयात आला की नाही ते कळते. मग पाठीच्या स्नायूचा हरभऱ्याएवढा तुकडा ९५ टक्के इथेनॉलमध्ये. तुकड्याच्या दहापट इथेनॉल, आणि दुसऱ्या दिवशी ते बदलायचे. पहिल्या दिवशी स्नायूतले पाणी बाहेर येऊन इथेनॉल पातळ होते आणि डीएनए त्यातच तुटतो.

हा तुकडा कशाला, असे बंदरावर विचारले जाते. उत्तर २०१२ सालचे आहे. गॅव्हिन नेलर आणि सहकाऱ्यांनी ४,२८३ शार्क-पाकटांच्या एनडी-२ या माइटोकॉन्ड्रियातल्या जनुकाचा क्रम काढला आणि त्यात ५७४ जाती मोजल्या. नेहमीच्या एकेका नावाखाली दोन-तीन जाती दडलेल्या निघाल्या. २०१६ मध्ये डॅसियाटिडी कुळाची नवी मांडणी झाली आणि जुन्या 'हिमांटुरा'चे ब्रेव्हिट्रायगॉन, मॅक्युलाबॅटिस, पॅटिओबॅटिस असे तुकडे पडले. आपल्याकडचा सगळ्यात सामान्य लहान पाकट ब्रेव्हिट्रायगॉनमध्ये गेला, पण त्यातली 'इम्ब्रिकाटा' आणि 'वाल्गा' ही दोन नावे भारतीय नोंदींत इतकी मिसळली आहेत की जुन्या कागदावरचे नाव वाचून नेमका कोणता मासा चिरला होता ते सांगता येत नाही. पट्टकृमीच्या जातीवर्णनात यजमान हे एक लक्षण म्हणून वापरतात. म्हणजे माशाचे नाव चुकले तर किड्याचेही लटकते.

४ ऑक्टोबर

पहिली चिरफाड. पाच लहान पाकट, चकती १६ ते २१ सेंटिमीटर, जाळ्यातून निघून चार तासांच्या आतले.

पोट मधून उघडले. यकृत बाजूला सारले की मळसूत्री आतडे दिसते: आखूड, जाड, बाहेरून अंगठ्याएवढे. आत एक पडदा स्क्रूच्या आट्यांसारखा फिरत जातो, त्यामुळे एवढ्याशा लांबीत अन्नाला मोठा पृष्ठभाग मिळतो. पट्टकृमींची वस्ती याच आट्यांत असते. दोन्ही टोके दोऱ्याने बांधून आतडे काढले, मग बोथट टोकाच्या कात्रीने लांबीला एक चीर दिली. टोकदार कात्री वापरू नये. एका चिरेत चार-पाच किडे दोन तुकडे होतात आणि कुठल्या शीर्षाचे कुठले धड हा गोंधळ कायमचा राहतो.

चिरलेले आतडे गाळलेल्या समुद्राच्या पाण्यात पसरले. पंधरा मिनिटांत आट्यांमधून पांढऱ्या सुतासारखी टोके हलायला लागली. नळाचे पाणी इथे चुकूनही नको. पाकटाच्या रक्तात युरिया साठवलेला असतो, त्यामुळे त्याच्या शरीराचा परासरणी दाब समुद्राइतकाच. किडेही त्याच दाबाला सरावलेले. गोड्या पाण्यात टाकले की पाणी आत शिरून ते फुगतात, शीर्षाचे चिकटायचे पापुद्रे फुग्यासारखे होतात आणि वरची सूक्ष्म लव झडते. काही जुन्या चित्रांतली गरगरीत शीर्षे अशीच फुगलेली असावीत असा आमचा अंदाज.

हाताने काढले ते किडे दोन भागांत: थोडे ९५ टक्के इथेनॉलमध्ये, बाकी फॉर्मॅलिनमध्ये. उरलेले आतडे तसेच अख्खे बरणीत.

फॉर्मॅलिनचे प्रमाण: बाजारी द्रावण (३७ ते ४० टक्के फॉर्मल्डिहाइड) एक भाग, गाळलेले समुद्राचे पाणी नऊ भाग. याला १० टक्के फॉर्मॅलिन म्हणतात, प्रत्यक्षात फॉर्मल्डिहाइड ४ टक्क्यांच्या आसपास. समुद्राचे पाणी दोन कामे करते, दाब जुळवते आणि आम्लता थोडी रोखते. बरणी आतड्याच्या निदान दहापट मोठी हवी. झाकण लावून पाच मिनिटे जोराने हलवायची. ही पायरी फालतू वाटते आणि म्हणून गाळली जाते. न हलवता ठेवले तर किडे आक्रसत आक्रसत मरतात. हलवत राहिले तर आतड्यापासून सुटतात आणि बऱ्यापैकी सरळ राहतात.

चिठ्ठी पेन्सिलीने ट्रेसिंग कागदावर, बरणीच्या आत. झाकणावर मार्करने लिहिलेले इथेनॉलच्या एका थेंबाने पुसते.

५ ऑक्टोबर

बरण्या तपासल्या. पा-०३ (तिसऱ्या पाकटाचा क्रमांक) चे आतडे मधोमध गुलाबीच राहिले आहे, म्हणजे द्रावण आत पोचलेले नाही. चीर अर्धवट होती. पुन्हा उघडून द्रावण बदलले. मधल्या भागातले किडे गेले असे धरून चालायचे. त्यांची मोजणी धरायची नाही, फक्त 'आढळले' एवढेच लिहायचे.

११ ऑक्टोबर

लहान नौका आली नाही, म्हणून चाचणीसाठी बर्फातले तीन पाकट घेतले. पोट उघडताच अमोनियाचा भपकारा. मासा मेल्यावर जिवाणू त्यातल्या युरियाचा अमोनिया करतात, त्यामुळे शिळा पाकट इतर माशांच्या आधी ओळखू येतो. बाजारातल्या कोळिणी हीच परीक्षा करतात, आम्हीही आता तीच धरली आहे. वास आला की आतडे उघडायचे नाही. तरी नोंदीसाठी उघडून पाहिले: शीर्षे पिठूळ, आकडे सुटून इकडे तिकडे, मागचे खंड (धडाचे एकामागे एक जोडलेले तुकडे) मात्र शाबूत. असे खंड मोजता येतात, पण कोणाचे ते सांगता येत नाही.

१८ ऑक्टोबर

आतड्यापलीकडचे काम. क्रम: कातडी, कल्ले, नाकपुड्या, रक्त, पित्त, मग आतडे. बाहेरचे परजीवी आधी मरतात आणि गळून पडतात, म्हणून हा क्रम.

पाठीवर डेंड्रोमोनोकोटाइल शोधायचा असतो. तो बाह्यत्वचेवर जगतो, चपटा, जवळजवळ पारदर्शक, कातडीच्या रंगात मिसळून जातो. नुसत्या डोळ्यांना आज काही दिसले नाही. पाठीवरून सुरीच्या मागच्या बाजूने बुळबुळीत थर खरवडून ताटलीत घेतला, तेव्हा एका माशातून दोन मिळाले. कल्ल्यांच्या कमानी एकेक कापून वेगवेगळ्या ताटलीत; पाकटाच्या कल्ल्यांवर मोनोकोटाइल आणि हेटेरोकोटाइल वंशांचे चपटे कृमी असतात आणि कोणत्या कमानीवर कोण, हेही लिहून ठेवायचे. नाकपुड्यांच्या घड्यांत वेगळेच वंश राहतात, मेरिझोकोटाइल आणि एम्प्रुथोट्रेमा. नाकपुड्या कापून न पाहणाऱ्याला हे कधीच सापडणार नाहीत, आणि बहुतेक जण कापत नाहीत.

पित्ताशयातून सुईने एक थेंब, काचेवर, वर आच्छादन, ४०० पट. क्लोरोमिक्सम या सूक्ष्म परजीवीचे बीजाणू चार ध्रुवीय कुप्यांमुळे लगेच ओळखू येतात. आज पाचांपैकी एकात. रक्ताचे काचपट मिथेनॉलमध्ये स्थिर करून गिम्साने रंगवायला ठेवले. युरोपातल्या स्केटमध्ये ट्रिपॅनोसोमा राजी हा रक्तातला परजीवी पॉन्टोब्डेला जळवांमार्फत एका माशातून दुसऱ्यात जातो, तेव्हा काचपट न करण्याला काही सबब नाही.

३ नोव्हेंबर

निवड. फॉर्मॅलिनमधले सगळे ७० टक्के इथेनॉलमध्ये आणून सूक्ष्मदर्शकाखाली वंशवार वेगळे केले. आतापर्यंतचे ढोबळ गट पाच.

अकॅन्थोबोथ्रियम सगळ्यांत सोपा. शीर्षावर चार पापुद्रे, प्रत्येकाचे आडव्या कडांनी तीन कप्पे, आणि प्रत्येकाच्या पुढच्या टोकाला दोन आकडे. प्रत्येक आकड्याला पुन्हा दोन शिंगे. म्हणजे एका मिलिमीटरहून लहान शीर्षावर आठ आकडे आणि सोळा टोके. प्रकाश खालून थोडा तिरका दिला की ती पिवळसर चमकतात. शिंगांच्या टोकांनी ते आतड्याच्या अस्तराला पकडतात आणि पापुद्रे चोषक म्हणून चिकटतात.

रायनबोथ्रियमला आकडे नाहीत. पापुद्रे देठावर आणि त्यांवर लहान लहान कप्प्यांच्या रांगा, मधमाश्यांच्या पोळ्याचा तुकडा असावा तशा. पॉलिपोसेफॅलसच्या टोकाला बहुधा सोळा बारीक शुंडके असतात, पण ती आत ओढली गेली की किडा नुसता गुंडी लावलेला दिसतो. अशा 'गुंड्या' टेट्रागोनोसेफॅलमच्या गटात चुकून गेल्या होत्या. आज परत काढल्या. टेट्रागोनोसेफॅलमचे टोक भोपळ्यासारखे भरीव, शुंडके नाहीत. पाचवा गट ट्रिपॅनोरिंका गणातला, चार काटेरी सोंडा आणि त्यांना आत-बाहेर करणारे चार स्नायुगोळे. सोंडा बाहेर असलेला एकच नमुना मिळाला. सोंडेवरच्या काट्यांची रांग न दिसल्यास जात सोडा, वंशसुद्धा सांगणे धाडसाचे.

एक सवय लावून घ्यायची: एका वेळी टेबलावर एकाच माशाचा ट्रे. दोन ट्रे शेजारी ठेवल्याने चिमट्यावरून एक किडा पा-०७ मधून पा-०८ मध्ये गेला, आणि तो गेल्याचे कळले हे नशीब.

१५ नोव्हेंबर

रंगाई. पद्धत अशी बसवली आहे:

७० टक्के इथेनॉलमधून ५०, ३५, मग पाणी. लहान किड्यांना प्रत्येकी पंधरा मिनिटे. डेलाफील्ड हिमॅटॉक्सिलिन (रंगद्रव्य) एक भाग, पाणी नऊ भाग, त्यात तास-दीड तास. मग नळाच्या पाण्यात निळे होईपर्यंत. परत चढत्या क्रमाने ७० टक्क्यांवर. इथे एक टक्का हायड्रोक्लोरिक आम्ल घातलेल्या ७० टक्के इथेनॉलमध्ये जादा रंग उतरवायचा आणि तेवढ्याच सोडियम हायड्रॉक्साइडच्या इथेनॉलमध्ये आम्ल मारायचे. पुढे ८५, ९५, १०० आणि पुन्हा १००. शेवटी मिथाइल सॅलिसिलेट, मग कॅनडा बाल्सम. सॅलिसिलेटमुळे खोलीभर पाठदुखीच्या मलमाचा वास येतो, तो चालेल.

रंग उतरवणे ही एकच पायरी शिकवता येत नाही. सूक्ष्मदर्शकाखालीच करायची, नजर हलवायची नाही. वृषणे एकेक गोळ्या म्हणून सुटी दिसू लागली की त्याच क्षणी थांबायचे. अर्धा मिनिट उशीर झाला तर अंडाशयाची कड पुसट होते. आज बारापैकी तीन जास्त उतरले. ते परत रंगात.

आपल्या प्रयोगशाळांत अजून बोरॅक्स कार्माइन आणि दोन काचांमध्ये दाबून स्थिर करण्याची रीत चालते. कार्माइनला विरोध नाही. दाबण्याला आहे. दाबला की किडा रुंद होतो, खंड लांबतात, वृषणे एकावर एक सरकतात. मग मोजमाप किड्याचे न राहता अंगठ्याच्या जोराचे होते. दोघांच्या अंगठ्यांतून दोन जाती निघू शकतात.

१६ नोव्हेंबर

सॅलिसिलेटमध्ये चार किडे दुधाळ झाले. इथेनॉलमध्ये पाणी शिरले होते; १०० टक्क्यांची बाटली दिवसभर उघडी राहिली आणि कोकणातली हवा कोरडी नसते. उपाय: परत नव्या बाटलीतल्या १०० टक्के इथेनॉलमध्ये अर्धा तास, मग पुन्हा सॅलिसिलेट. चारही सुधारले. यापुढे बाटली लहान आणि रोज नवी.

२९ नोव्हेंबर

अकॅन्थोबोथ्रियमची मोजणी. या वंशात दोनशेहून अधिक जाती वर्णिल्या आहेत, त्यामुळे प्रत्येकीशी तुलना करत बसणे अशक्य. घोषरॉय आणि कायरा यांनी २००१ मध्ये यातून वाट काढली: आधी चार प्रश्न विचारायचे. एकूण लांबी १५ मिलिमीटरच्या वर की खाली, खंड ५० च्या वर की खाली, एका खंडात वृषणे ८० च्या वर की खाली, आणि अंडाशयाच्या दोन बाजू सारख्या की असमान. त्यावरून गट ठरतो, आणि तुलना त्याच गटातल्या जातींशी.

आमचे बहुतेक नमुने पहिल्या गटात बसतात: आखूड, कमी खंड, कमी वृषणे, अंडाशय असमान. पण लांबीचा निकष फसवा आहे. ९ मिलिमीटरचा एक नमुना पूर्ण वाढलेला नव्हताच. शेवटच्या खंडात वृषणे होती, अंडाशय अजून उमटायचे होते. निदान एक पक्व खंड नसेल तर तो किडा मोजणीतून बाद. आकड्यांची मोजमापे (मूठ, आतले शिंग, बाहेरचे शिंग, एकूण लांबी) मात्र वाढीबरोबर फारशी बदलत नाहीत, म्हणून निर्णय त्यांच्यावर जास्त टाकला.

जुन्या साहित्याशी जुळवणे सुरू केले. भारतीय पट्टकृमींचा पाया साउथवेलच्या १९३० सालच्या 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' मालिकेतल्या दोन खंडांत आहे. पुढे मराठवाडा विद्यापीठात जी. बी. शिंदे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पश्चिम किनाऱ्यावरच्या माशांमधून पुष्कळ जाती वर्णिल्या. समुद्रापासून इतक्या लांब, औरंगाबादेत, एवढे काम झाले याचे नवल वाटते. अडचण त्या काळच्या सर्वच वर्णनांची आहे, देशी असोत वा परदेशी: नमुने दोन-तीन, मूळ काचपट आता हाती लागत नाहीत, आणि यजमानाचे नाव एका ओळीत, फोटोविना. आमच्या तीन नमुन्यांची मोजमापे अशा एका वर्णनाशी जुळतात, यजमान जुळतो की नाही ते ठरवता येत नाही. नाव न देता 'तुलनीय' असे लिहून ठेवले.

१३ डिसेंबर

डीएनए. किड्याचा मधला तुकडा घेतला. शीर्ष आणि शेवटचे पक्व खंड रंगवून काचपटावर, म्हणजे जनुकक्रम ज्या किड्याचा, त्याचाच चेहरा पुढे पाहता येईल. अख्खा किडा नळीत विरघळवणे सोपे असते, पण नंतर त्या क्रमाचा धनी कोण हे कोणालाच दाखवता येत नाही.

जनुक २८एस (रायबोसोमचे), त्यातला डी-१ ते डी-३ हा सुमारे १,४०० बेसचा, म्हणजे डीएनएच्या अक्षरांचा, पट्टा. फॉर्मॅलिनमधल्या एका नमुन्यावर मुद्दाम प्रयत्न केला. काही आले नाही, येणारही नव्हते. फॉर्मॅलिन डीएनएचे प्रथिनांशी बंध घालते. इथेनॉलच्या आठांपैकी सहा चालले. न चाललेले दोन पा-०२ चे. त्या माशाच्या नोंदीत 'इथेनॉल दुसऱ्या दिवशी बदलले' यापुढे खूण नाही.

२१ डिसेंबर

यजमानांचे एनडी-२ क्रम आले, प्रत्येकी १,०४४ बेस.

४ ऑक्टोबरच्या टोपलीतले पाच पाकट एकसारखे दिसले होते आणि एकाच नावाने लिहिले होते. क्रमांनी ते तीन आणि दोन असे वेगळे पडतात. फोटो पुन्हा काढून पाहिले: दोघांच्या मुस्कटाचे टोक किंचित लांब, पाठीवरच्या खवल्यांचा पट्टा अरुंद. आधी दिसले नव्हते, कारण शोधले नव्हते. नावे नक्की होईपर्यंत 'लहान पाकट क' आणि 'लहान पाकट ख'.

तक्ता नव्याने मांडला. एकत्र पाहताना एका माशात अकॅन्थोबोथ्रियमच्या दोन जाती एकदम राहतात असे वाटत होते. वेगळे केल्यावर मोठ्या आकड्यांची जात फक्त 'क' मध्ये, लहान आकड्यांची फक्त 'ख' मध्ये. पाचच मासे आहेत, यावर काही बांधायचे नाही. पण स्नायूचा तो हरभऱ्याएवढा तुकडा घेतला नसता तर 'एकाच यजमानात दोन जाती' असे छापून गेले असते. एका यजमानात एकाच वंशाच्या दोन-तीन जाती राहणे या वंशात खरोखरच घडते, त्यामुळे कोणी शंकाही घेतली नसती.

९ जानेवारी

मधले यजमान. पाकट तळावरचे कोळंबी, खेकडे, शिंपले, लहान मासे खातो. पट्टकृमीच्या अळ्या त्यांतूनच येतात. कोळंबीचे डोके सोलून चेतागुच्छ (मज्जातंतूंची गाठ) आणि यकृताचा भाग पाहायला सुरुवात केली. अमेरिकेतल्या पांढऱ्या कोळंबीत पॉलिपोसेफॅलसच्या अळ्या थेट चेतारज्जूत सापडल्या आहेत आणि त्यांच्या संख्येबरोबर कोळंबीची हालचाल वाढते, असे २०११ मध्ये दाखवले गेले. हालचाल करणारी कोळंबी पाकटाला लवकर सापडते, हे पुढचे अनुमान मोहक आहे, सिद्ध नाही.

शिंपल्यांतल्या अळ्यांचा इतिहास आपल्या समुद्रांजवळचाच आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हर्डमन आणि हॉर्नेल हे ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ मन्नारच्या आखातातल्या मोत्यांच्या शिंपल्यांची पाहणी करत होते. शिंपल्यात गोल पट्टकृमी-अळ्या सापडल्या आणि मोती या अळीभोवतीच बनतो असा त्यांचा सिद्धांत झाला. शिप्ली आणि हॉर्नेल यांनी १९०४ मध्ये किड्याला नावही तसेच दिले, टेट्रारिंकस युनियनिफॅक्टर, 'मोती घडवणारा'. किडा मोठा होतो तो पाकटात, असे त्यांनी जोडले. मोत्याचे कारण म्हणून हा सिद्धांत पुढे टिकला नाही. शिंपल्यातल्या त्या गोल अळ्या आता टायलोसेफॅलमच्या मानतात. टायलोसेफॅलम लेकॅनिसेफॅलिडिया गणातला, म्हणजे आमच्या भोपळ्या टोकाच्या किड्यांचा नातलग. नाव चुकले, पाकटाशी नाते मात्र बरोबर निघाले.

२३ जानेवारी

उत्क्रांतीचा भाग, म्हणजे झाडे (वंशवृक्ष) एकमेकांसमोर ठेवणे. डावीकडे यजमानांचे, उजवीकडे किड्यांचे. किडे यजमानाबरोबरच फुटत गेले असतील तर दोन्ही झाडे आरशासारखी दिसतील. आमच्याकडे पाने थोडी आहेत, तरी रेघा एकमेकींना छेदतात. जवळच्या पाकटांमधले किडे जवळचे असतीलच असे नाही.

स्केटमध्ये हे अधिक स्वच्छ अभ्यासले गेले आहे. वायव्य अटलांटिकमध्ये स्यूडँथोबोथ्रियम वंशाच्या दोन जाती २००८ मध्ये नीट वेगळ्या केल्या गेल्या. हान्सेनी ही काटेरी स्केट (अँब्लिराजा रेडिएटा) आणि गुळगुळीत स्केट यांच्यात, पर्टोनी ही ल्युकोराजाच्या दोन जातींत. एकेक किडा दोन-दोन यजमानांत, आणि ल्युकोराजाच्या त्या दोन जाती लहान वयात वेगळ्या ओळखणे तिथल्या जाणकारांनाही जड जाते. प्रश्न तोच, आमच्या 'क' आणि 'ख' चा.

दुसरा धागा आतड्याच्या अस्तराचा. विल्यम्स यांनी १९६० च्या दशकात ब्रिटिश स्केटमधले इकेनीबोथ्रियम पाहताना दाखवले की शीर्षाची घडण आणि त्या स्केटच्या आतड्याच्या अस्तराची ठेवण एकमेकांत बसते. मग किडा दुसऱ्या यजमानात गेला तर मरेल असे नाही, पण धरून राहायला जागा नसेल. ट्रिपॅनोरिंकांच्या काटेरी सोंडा अस्तरात खोल घुसतात. त्यांना अस्तराच्या ठेवणीची पर्वा कमी असावी, आणि त्यांच्यात एका जातीचे यजमान अनेक असणेही जास्त आढळते. यासाठी 'क' आणि 'ख' च्या आतड्याचा एक सेंटिमीटरचा तुकडा छेदांसाठी वेगळा ठेवला आहे. सगळे किडे त्यातून काढायचे नाहीत, दोन-तीन जागीच चिकटलेले राहू द्यायचे.

हे नाते किती जुने, याला पुरावा थोडा पण पक्का. ब्राझीलमधल्या सुमारे २७ कोटी वर्षांपूर्वीच्या शार्कच्या अश्मीभूत विष्ठेत पट्टकृमींची ९३ अंडी एका पुंजक्यात सापडली (२०१३). म्यानमारच्या क्रिटेशियस (डायनासोरांच्या काळातल्या) अंबरमध्ये, म्हणजे अश्मीभूत डिंकात, ट्रिपॅनोरिंकाच्या सोंडेसारखा तुकडा २०२४ मध्ये नोंदवला गेला. समुद्री माशातला किडा झाडाच्या डिंकात कसा पोचला हा प्रश्न त्यासोबतच आला.

७ फेब्रुवारी

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी शीर्षे. शीर्ष कापून एक टक्का ऑस्मियम टेट्रॉक्साइडमध्ये रात्रभर, धड रंगवून काचपटावर आणि दोघांना एकच क्रमांक. ऑस्मियम धूरपेटीबाहेर उघडायचे नाही, वाफ डोळ्यांना लागते. मग चढते इथेनॉल, शेवटी एचएमडीएस (न आक्रसता सुकवणारा द्रव), उघड्यावर सुकवणे, कार्बन पट्टीवर बसवून सोन्याचा मुलामा.

सहांपैकी दोन शीर्षे पट्टीवर उलटी बसली, पापुद्रे खाली. पट्टी अति चिकट. एकदा टेकले की सोडवताना आकडे तुटतात. आता शीर्ष आधी पापण्यांच्या केसाने टोकावर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली दिशा ठरवायची, मग टेकवायचे. उरलेल्या चारांत पापुद्र्याच्या आतल्या बाजूची लव स्पष्ट: २०० नॅनोमीटरहून जाड ते स्पिनिट्रिक्स, त्याखालचे फिलिट्रिक्स. 'क' मधल्या किड्यात दोन्ही मिसळून. 'ख' चे अजून सुकते आहे.

१५ फेब्रुवारी

मासे आता १९. क : १२, ख : ७. नमुन्यांची यादी पूर्ण: काचपट, धड, शीर्ष, डीएनए आणि यजमानाचा स्नायू, सगळ्यांना एकच साखळी-क्रमांक. नवी जात ठरली तर जैवविविधता कायदा २००२ च्या कलम ३९ प्रमाणे नियुक्त भांडाराला कळवून नमुना तिथे जमा करायचा असतो. प्राण्यांसाठी ते भारतीय प्राणी सर्वेक्षण, कोलकाता. तोवर काचपट आडवेच ठेवायचे. बाल्सम सुकायला महिने लागतात, उभे ठेवले की किडा हळूहळू कडेला सरकतो. गेल्या महिन्यातले दोन सरकलेले आहेत, ते उद्या ४० अंशांच्या तापकात आडवे.

पा-१४ चे स्नायू-इथेनॉल आज बदलायचे आहे.